गौरवग्रंथातला बिनमालकाचा हात

४ मार्च

अहो,

फाडून टाकायच्या आधी एवढं वाचा: पत्र कामाचं आहे. घरचं लिहायला तुम्ही मला पत्ताच दिलेला नाही. हा पत्ता लेकीकडून काढून घेतला, आणि तो देताना तिने अट घातली, "आई, बाबांना ओरडायचं नाही." पत्रातून कुणाला ओरडता येतं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुला येतं."

तर काम असं. तुमच्या क्लबने अजिंक्यपदाचा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आहे. भलामोठा आकार, जाड गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत फोटो, वर सोनेरी अक्षरांत 'आमचं सुवर्णवर्ष'. छपाई आमच्या प्रेसकडे आली. मालकांनी मजकुराचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "बाई, हे दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"का? मला वाचता येत नाही?"

ते निमूट आत गेले. मी ह्या प्रेसमध्ये औषधांची माहितीपत्रकं तपासली, शाळेची पुस्तकं तपासली, एका निवृत्त न्यायाधीशांच्या कविता तपासल्या. त्यापुढे फुटबॉल काय अवघड?

वाचलं. सगळ्या मोसमाची हकिकत आहे. सराव झाला, डावपेच ठरले, बचावफळी पोलादी झाली, पोरं घडली. कुणी घडवली? एक अक्षर नाही. जणू चेंडूच पहाटे उठून पोरांच्या दारावर थापा मारत हिंडत होता. आणि शेवटच्या काही सामन्यांपुरते आलेले अध्यक्षांचे जावई, त्यांना अख्खं पान: 'यशाचे शिल्पकार'. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. नागोबाचा पानभर रंगीत फोटो पहिल्यांदा बघितला.

हे एकवेळ मी गिळलं असतं. पण मोसमाच्या सुरुवातीचा संघाचा फोटो बघितला आणि माझं डोकं फिरलं. तुम्ही उजव्या टोकाला, त्या उंच गोलकीपरशेजारी उभे होतात. ज्याला सगळे 'भिंत' म्हणतात, तो. फोटो त्या बाजूने कापला आहे. पण कापणाऱ्याला नीट कापताही आलं नाही. भिंतच्या खांद्यावर एक पंजा तेवढा राहिला आहे. मनगटावर घड्याळ आहे, काच तडकलेलं. पुढे माणूस नाही.

क्लबच्या सचिवांना मी फोन केला. "हा हात कुणाचा?"

"कुठला हात, वहिनी?"

"फोटोओळीत डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं आहेत. हात उरतो. हाताचं नाव काय लिहू?"

"असेल कुणाचा तरी. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! माझ्या हातून असं पुस्तक जाणार नाही. तुमच्यासाठी नाही म्हणत; गैरसमज नको. तुम्ही संघ कधी हातात घेतलात, कधी सोडलात, कोणाला कुठून उचलून आणलंत, हे मुद्देसूद लिहून पाठवा. बाकीचं मी बघते.

उत्तर लवकर हवं. कामासाठी.

तुमच्या क्लबच्या ग्रंथाची तपासनीस

ता. क. तुमचे बूट व्हरांड्यात जागा अडवून बसले आहेत. पॉलिश करून ठेवले, कारण कातडं तडकतं. दुसरं काही कारण नाही.

१६ मार्च

अहो,

कार्ड मिळालं. 'जाऊ दे. माझं नाव नको. पुस्तक पोरांचं आहे. तू जप.'

मी मुद्दे मागितले होते, उपदेश नाही. 'तू जप' म्हणजे काय करू? स्वेटर घालून बसू?

'जाऊ दे' हा तुमचा आयुष्यभराचा मंत्र. दुधात पाणी, जाऊ दे. घरमालक गच्चीची किल्ली देत नाही, जाऊ दे. आणि ज्या एका ठिकाणी सगळं जग 'जाऊ दे' म्हणत होतं, तिथे मात्र तुम्ही जाऊ दिलं नाहीत. मग माझ्याकडून ही अपेक्षा का?

त्या सामन्याबद्दल ग्रंथात काय लिहिलंय ते ऐका. शब्दाला शब्द उतरवते: 'मुसळधार पावसाने मैदानाचा चिखल झाल्याने हा सामना बरोबरीत सुटला.' पाऊस! त्या दिवशी मी गच्चीचा जिना अडवून घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या होत्या.

सचिव प्रूफं घ्यायला आले तेव्हा त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "पाऊस कुठे पडला होता हो? तुमच्या एकट्याच्या डोक्यावर?"

ते हसले. त्यांचं हसणं तुम्हांला माहीत आहे, दात दिसतात पण डोळे घड्याळाकडे. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा. आपल्या पोराने गोल मारला. रेफ्रीने शिट्टी वाजवून गोल दिला. आणि आपलाच प्रशिक्षक मैदानात जाऊन रेफ्रीला सांगतो, हा गोल धरू नका, चेंडू जाळीच्या भोकातून बाहेरून आत गेलाय! जगाच्या पाठीवर कुठे ऐकलंय?"

"भोक होतं की नव्हतं?"

"प्रश्न भोकाचा नाही."

"मग कशाचा आहे?"

"निष्ठेचा! त्यांनी रद्द करून घेतला गोल. जिंकलेला सामना बरोबरीत. त्या दिवशी चषकच जायचा होता आपला."

"पण गेला नाही ना?"

"नाही गेला, ते आमचं नशीब."

"तुमचं नशीब नव्हे," मी म्हटलं, "पोरांचे पाय. आणि ते पाय कुणी तयार केले, तेवढं एका ओळीत लिहा. मी जागा करून देते."

तर म्हणे, "वहिनी, हा गौरवग्रंथ आहे, चौकशी अहवाल नाही." आणि माझ्या टेबलावरचं पेन खिशाला लावून निघून गेले. पेनही माझंच.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मी तुम्हांला सांगते आहे, कारण सचिवांना सांगून उपयोग नाही. मुद्दे पाठवा. 'जाऊ दे' हा शब्द वापरलात तर कार्ड परत पाठवीन, लाल शाईने खुणा करून.

ज्यांचं पेन गेलं त्या

३० मार्च

अहो,

दोन आठवडे झाले, तुमच्याकडून ओळ नाही. ठीक. लेक सांगते की तुम्ही तिथल्या शाळेच्या अंगणात लहान मुलींना फुटबॉल शिकवता आणि गोल म्हणून दोन बादल्या ठेवता. बादल्यांना जाळी नसते, तेव्हा तिथे वाद होत नसतील. बरं आहे.

इकडे कुरकुर वाढली आहे. फोटोतल्या हाताबद्दल मी तीनदा लेखी विचारलं, त्यावर क्लबने काय करावं? फोटो दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवून हात पुसून घेतला. हाताबरोबर भिंतचा अर्धा खांदाही गेला. साडेसहा फुटी पोरगा आता बाटलीसारखा दिसतो. इतकी हुशार माणसं क्लब चालवतात.

काल स्वतः जावई आले. त्यांच्या पानासाठी चार ओळी मनोगत हवं होतं. मी कागद पुढे ओढला. "सांगा. कॉर्नर किकच्या वेळी तुमच्या संघाचे दोघं मागे का थांबतात?"

"अं... ते थांबतातच. मी आलो तेव्हापासून थांबतात."

"सामन्याच्या आदल्या दिवशी पळायला का लावत नाही?"

"मी लावणार होतो. पोरं म्हणाली, आपल्यात तशी पद्धत नाही."

"कुणाची पद्धत?"

गृहस्थांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "ताई, खरं सांगू? मी टायरचं दुकान चालवतो. सासऱ्यांनी सांगितलं उभा राहा, उभा राहिलो. पोरं स्वतःच खेळत होती. मी पाण्याच्या बाटल्या मोजायचो."

मला त्यांचा रागच येईना, आणि त्याचाच जास्त राग आला. माणूस निदान पुरता दुष्ट तरी असावा. म्हणजे आपल्याला मोकळेपणाने चिडता येतं.

संध्याकाळी मालकांनी बोलावलं. "बाई, आपण छापतो. न्याय करत नाही. आपलं नाव कशाला खराब करून घ्यायचं?"

मी म्हटलं, "माझं नाव खराब होणार नाही, कारण ते ह्या पुस्तकात असणार नाही. मागच्या पानावर संपादन साहाय्य म्हणून माझं नाव टाकलंय, ते काढा."

"अहो, पण काम तर तुम्हीच केलंय."

"केलंय. स्वल्पविरामापासून सगळं. पण खोट्या पुस्तकाखाली मी नाव देत नाही."

त्यांनी काढलं. तेव्हा आता त्या ग्रंथात आपल्या घरातलं कुणीच नाही. समान वागणूक.

आता विषय निघालाच आहे तर घरचं एकच विचारते, ओरडत नाही. रेफ्रीकडे जाऊन खरं सांगायला तुम्हांला अर्धं मैदान चालत जावं लागलं. भरल्या मैदानासमोर गेलात, शिव्या खात. आणि मला सांगायला स्वयंपाकघरापर्यंत यायचं होतं. तेवढं जमलं नाही? घरी आलात, हात धुतलेत, म्हणालात, "बरोबरीत सुटला." जेवलात. नोकरी गेली ते मला शेजारच्या मावशींनी सांगितलं. दोन दिवसांनी कुणीतरी दगड मारून खिडकीची काच फोडली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्रेसमध्ये असताना तुम्ही बॅग भरून गेलात. मागे चिठ्ठी: 'दूध तापवून ठेवलं आहे. मी इथे नसलो की तुला त्रास होणार नाही.'

मला त्रास होणार की नाही, हे परस्पर ठरवणारे तुम्ही कोण? काच मी दुसऱ्याच दिवशी बसवून घेतली. दगड कुंडीला टेकू म्हणून लावला आहे. चांगला दगड आहे.

जिचं दूध तुम्ही तापवून ठेवलंत ती

११ एप्रिल

अहो,

काल कॅप्टन घरी आला होता.

दारात उभा राहून रुमालाने बूट पुसत होता. मी म्हटलं, "आत ये, फरशी मीच पुसते, मला सवय आहे." आला. तुमच्या खुर्चीवर बसणार होता, मग बाजूच्या स्टुलावर बसला. स्टूल बुटकं, पोराचे गुडघे हनुवटीला लागत होते. मी चहा ठेवला नाही. ठरवलं, आधी बोलू दे.

"काकू, सर कसे आहेत?"

"मला काय विचारतोस? तूच शेवटचं बोललास त्यांच्याशी. मैदानात. सगळ्यांनी ऐकलं."

पोरगा लालबुंद झाला. "शिवी दिली होती मी."

"माहीत आहे. कुठली तेही माहीत आहे."

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. तो गोल त्याचाच होता ना. म्हणतो, "चेंडू पायातून सुटला तेव्हाच कळलं, बाहेर गेला म्हणून. मी डोक्याला हात लावणार, तेवढ्यात चेंडू आत! सगळे अंगावर पडले, नाचायला लागले. मग मीपण नाचलो, काकू. नाचताना मला माहीत होतं. सरांनी सराव सुरू व्हायच्या आधीच मैदानवाल्याला सांगितलं होतं, बाजूची जाळी फाटलीय, बांधून घे. त्याने नाही बांधली. आणि सर सरळ चालत आले. रेफ्रीला जाळीपाशी नेलं आणि त्या भोकातून दोन्ही मुठी एकत्र आरपार घालून दाखवल्या. मला वाटलं, जमीन फाटावी. सरांना खोटं पाडायला मी ओरडलो. शिवी त्यासाठी दिली."

त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"नंतर चषक मिळाला. हातात घेतला तेव्हा मनात पहिलं काय आलं सांगू? हा आपला आहे. खराखुरा. त्या गोलावर मिळाला असता तर मी तो कधी घरी नेला नसता. सरांनी आम्हाला चषक दिला, काकू, आणि आम्ही त्यांना गावाबाहेर घालवलं. आता तर पुस्तकातूनही."

"मग हे सचिवांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, तुझ्याकडे पुरावा काय? चेंडू भोकातून आत जाताना कुणी बघितला? म्हटलं, सरांनी आणि मी. ते म्हणाले, बस, दोघंच? काकू, खरंच दोघांनीच बघितला. बाकी सगळे लांब होते."

"तिघांनी," मी म्हटलं.

त्याला कळायला वेळ लागला. तुम्हांलाही लागेल, म्हणून सरळ लिहिते. मी तिथे होते. गोलच्या मागे, स्वस्त तिकिटांच्या कठड्याला टेकून. त्या दिवशीच नव्हे, घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला. लग्नानंतर लगेच तुम्ही म्हणाला होतात, घरचं माणूस बघायला असलं की माझं लक्ष उडतं. तेव्हा मी तुम्हांला दिसेन अशा जागी कधी बसले नाही. मला फुटबॉल आवडतो अशातला भाग नाही. बावीस माणसं एका चेंडूमागे धावतात, त्यात आवडण्यासारखं काय आहे? पण आपला माणूस रोज पहाटे उठून कुठे जातो, तिथे काय करतो, हे बघायला नको?

चेंडू माझ्या डोळ्यांसमोर बाहेरच्या बाजूने आला आणि जाळीतून आत घुसला. मग मी तुम्हांला येताना पाहिलं. चालत. पळतही नव्हता. माझ्या शेजारचा माणूस तुम्हांला नाही नाही ते बोलत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला. जोरात.

आणि मग घाईघाईने घरी आले, तुमच्याआधी पोचायला. बसून राहिले. आता येतील आणि सांगतील. तुम्ही आलात आणि म्हणालात, "बरोबरीत सुटला."

कॅप्टनला मी शेवटी चहा दिला. जाताना त्याने विचारलं, "काकू, त्या खास प्रतींवर आमच्या सह्या घेणार आहेत ना? ते कसं असतं?" मी सांगितलं: पानं आधी सुटी असतात, त्यांवर सह्या होतात, मग ती पुस्तकात शिवतात. "म्हणजे सह्या झाल्यावर बदलता नाही येत?" मी म्हटलं, "छापलेलं बदलता येतं. हाताने लिहिलेलं कसं बदलणार?" तो "बरं" म्हणाला आणि गेला. पोराच्या डोक्यात काहीतरी आहे. मी विचारलं नाही. विचारून कळलेल्या गोष्टीला जबाबदार राहावं लागतं.

तिसरी साक्षीदार

२३ एप्रिल

अहो,

बसून वाचा.

परवा प्रेसमध्ये सह्यांचा कार्यक्रम झाला. खास शंभर प्रती आहेत, आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांसाठी. प्रत्येकीत एक कोरं पान, त्यावर अख्ख्या संघाच्या सह्या. बांधणीच्या खोलीतली लांब टेबलं जोडून पानं मांडली. पोरं एकामागून एक येत होती, सही करून पुढच्या पानाला सरकत होती. एवढा दंगा, की मालकांनी यंत्रं बंद ठेवली. भिंत माझ्याजवळ आला, म्हणाला, "काकू, माझा खांदा गेला हो! आई विचारते, अपघात कधी झाला?" मी म्हटलं, "सचिवांना विचार, ऑपरेशन त्यांनी केलंय." सगळे खो खो हसले. सचिव फोनवर बोलण्याचं सोंग करत होते.

अर्ध्या तासाने त्यांचं सोंग गळून पडलं. त्यांनी एक पान उचललं. दुसरं उचललं. मग टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेले.

प्रत्येक पानावर सगळ्यांत वर, मधोमध, चांगली वीतभर जागा कोरी होती. सह्या तिच्या खाली. दाटीवाटीने, एकमेकांच्या अंगावर, राखीव खेळाडूंच्या तर अगदी कोपऱ्यात. पण त्या जागेला एकाच्याही पेनाचा स्पर्श नाही. शंभरच्या शंभर पानांवर.

"हे काय आहे?" सचिव किंचाळले.

"जागा आहे, साहेब," कॅप्टन म्हणाला.

"कसली जागा?"

"सरांची."

सचिवांनी जावयांचा दंड धरला. "या हो, तुम्ही प्रशिक्षक, तुम्ही करा इथे सही. चला, पेन द्या रे."

कुणी पेन देईना. तेवीस पोरं, सगळ्यांचे हात मागे. आणि सचिवांच्या खिशाला माझं पेन होतं, पण ते त्यांना आठवलं नाही. मी आठवण केली नाही.

जावयांनी दंड सोडवून घेतला. स्वतःच्या खिशातून पेन काढलं. मला वाटलं, झालं. पण ते पहिल्या पानाशी गेले, वाकले, आणि सगळ्या सह्यांच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात नाव लिहिलं. "मी शेवटी आलो होतो," म्हणाले, "शेवटी करतो." शंभर पानं तशीच. टायरवाला माणूस मला आवडायला लागला आहे, हे तुम्हांला सांगून ठेवते.

सचिवांनी अध्यक्षांना फोन लावला. पलीकडून इतका मोठा आवाज येत होता, की मालकांनी खिडकी लावून घेतली. पानं फाडा, नवीन आणा, पुन्हा सह्या घ्या! कॅप्टन शांतपणे म्हणाला, "साहेब, आज संध्याकाळी आम्ही निघतोय. निम्मे दुसऱ्या क्लबांकडे, निम्मे गावी. पुन्हा आम्ही सगळे एकत्र येणार नाही." मागणी नोंदवणाऱ्यांना सह्यांचं वचन दिलेलं. अध्यक्षांना वचनाची चाड नसेल, पण अब्रूची आहे. शेवटी सचिव फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "घ्या. करा काय करायचं ते. तेवढ्या शंभरच. बाकीचं पुस्तक जसंच्या तसं राहणार."

म्हणजे बाकीच्या ग्रंथात अजूनही पाऊसच पडतो आहे, आणि भिंतला अजूनही एकच खांदा आहे. माझा राग गेलेला नाही. एका हजारात शंभर ही काही भरपाई नव्हे. पण ही जागा मी मागितलेली नाही, क्लबने दिलेली नाही. पोरांनी ठेवली आहे. त्यांना 'जाऊ दे' म्हणायचा तुम्हांला अधिकार नाही.

पानं पार्सलने पाठवते आहे. पुठ्ठ्यात घालून, मेणकागद लावून, मी स्वतः बांधलं आहे. सह्या करा आणि परत पाठवा. निबंध लिहू नका, फक्त सही. शाई वाळू द्या, मग पुढचं पान ठेवा.

पार्सल बांधणारी

७ मे

अहो,

पार्सल पोचलं. उघडलं. आता मी ओरडणार आहे; लेकीला कळवा.

तुम्ही सही कुठे केलीत? वर वीतभर जागा ठेवली होती पोरांनी. आंधळ्याला दिसेल अशी. आणि तुम्ही पानाच्या तळाला, सगळ्यांच्या खाली, जावयांच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरात! शंभरच्या शंभर पानांवर! वर चिठ्ठी: 'पोरांच्या खालीच बरं. वरची जागा शोभत नाही.'

बाइंडरने पानं बघितली आणि कपाळावर हात मारला. "बाई, हे सगळं माझ्या कातरणात जाणार."

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं, कारण माझा विश्वास बसेना. पुस्तक शिवून झालं की तीन बाजूंनी सुरी फिरते, कडा एकसारख्या करायला. खालून बोटभर पट्टी कापली जाते. म्हणून पानाच्या त्या तिन्ही बाजूंना फिकी निळी रेघ आखलेली असते: रेघेच्या बाहेर काही लिहायचं नाही. तुमची सही बरोब्बर रेघेच्या बाहेर. शंभर वेळा. सुरीखाली जाऊन टोपलीत पडायला. आयुष्यभर पोरांना 'रेघ बघा रे, रेघ बघा' म्हणून ओरडलात, आणि स्वतःला कागदावरची रेघ दिसली नाही!

क्लबने तुम्हांला फोटोतून कापलं तेव्हा मी इतकी भांडले. आता तुम्ही स्वतःच सुरीखाली मान ठेवलीत, तर मी कुणाशी भांडू?

आणि याला तुम्ही नम्रता म्हणत असाल तर म्हणू नका. मी बघितलं आहे तुम्हांला. सगळं मैदान शिव्या घालत असताना तुम्ही ताठ चालत गेलात. तेव्हा तुम्हांला मधोमध उभं राहायला लाज वाटली नाही. शिव्या खायला मधोमध, आणि कुणी प्रेमाने जागा दिली की कोपऱ्यात? हा कुठला न्याय? पोरांनी ती जागा तुमच्या मोठेपणासाठी ठेवलेली नाही. कॅप्टनला ती भरलेली बघायची आहे, म्हणजे त्याने दिलेली शिवी त्याच्या पोटातून जाईल. तुम्ही ती रिकामी ठेवलीत तर तो पोरगा जन्मभर रिकामी जागाच बघत बसेल. हे तुमच्या डोक्यात आलं नाही?

मालकांनी सुचवलं, "बाई, साहेबांची खालची सही फोटो काढून वर छापू. कुणाला कळणार?" मला कळणार. ठशाला मी सही म्हणत नाही. पाऊस पाडणाऱ्यांत आणि आपल्यात मग फरक काय राहिला?

तर आता ऐका. वरची जागा अजून कोरी आहे. खालची सही सुरीने जाईल, तिचा पुरावाही उरणार नाही. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही, फक्त काम करायचं राहिलं आहे. पानं मी पुन्हा पार्सलने पाठवणार नाही. पाठवली तर तुम्ही ह्या वेळी पाठीमागच्या बाजूला सही कराल. पानं इथे आहेत, जेवणाच्या टेबलावर, चादर अंथरून ओळीने मांडली आहेत. मी सध्या ओट्यापाशी उभ्याने जेवते. बाइंडर येत्या सोमवारपर्यंत थांबायला तयार आहे. त्याला मी कसं तयार केलं ते विचारू नका.

तुम्ही इथे येऊन सही करा. माझ्यासमोर बसून. वर, मधोमध, पोरांना वाचता येईल अशा अक्षरात.

दिवसाउजेडी या. मागच्या गल्लीने नाही, समोरच्या रस्त्याने. ज्यांना बघायचं त्यांना बघू दे. दगड मारणाऱ्याला अजून हौस असेल तर काचेचं माप माझ्याकडे आहे.

सह्या झाल्या की त्या बादल्यांकडे आणि पोरींकडे परत जायचं असेल, तर जा. मी अडवणार नाही. शाळेतल्या मुलींना शिकवणं हे वाईट काम नाही, आणि तुमची तिथे गरज असेल तर मी कोण नाही म्हणणारी? राहायचं असेल तर रहा. काय ते तुम्ही ठरवा.

पण जे ठरवाल, ते मला तोंडाने सांगा. स्वयंपाकघरात येऊन. चहाचं आधण ठेवलेलं असलं, मी पाठमोरी असले, तरी सांगा. मी वळेन.